थेंडेलेचा उतार, समोरचा कडा: ड्रॅकेन्सबर्गमधला मुक्काम

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात, लेसोथोच्या सीमेला लागून रॉयल नाताल राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या ड्रॅकेन्सबर्ग डोंगररांगेच्या उतारावर, दीड हजार मीटरच्या थोडं वर थेंडेले या पर्यटक-वस्तीची घरं आहेत. घराच्या ओट्यावर बसलं की समोर ॲम्फिथिएटर: सुमारे पाच किलोमीटर लांबीचा, आत वळलेला काळा कडा. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला हा आकार लगेच ओळखीचा वाटतो, आणि दगडही. दोन्हीकडे बसाल्टच आहे. आपलं दख्खनचं पठार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं, तर इथला लाव्हा १८ कोटी वर्षांपूर्वीचा. फरक इतकाच की इथे बसाल्टच्या खाली पिवळसर वालुकाश्माचा जाड थर उघडा पडला आहे आणि इथल्या गुहा त्यात आहेत.

बहुतेक सहलींमध्ये ड्रॅकेन्सबर्गच्या वाट्याला एक रात्र येते, क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि केपटाऊनच्या मधली. ते पुरत नाही. इथल्या कड्यावर ढग बसला तर दिवसभर हलत नाही, त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात कडा न बघताच परत जायची वेळ येऊ शकते. थेंडेलेला निदान तीन रात्री आणि वरच्या अंगाला विट्सीसहूकच्या लॉजला दोन, हा हिशोब जमतो. आम्ही तसाच केला.

निघण्याआधी

महिना निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्टोबर ते मार्च पावसाळा. सकाळ लख्ख, पण दुपारी दोननंतर विजांचं वादळ जवळजवळ ठरलेलं. जून ते ऑगस्ट कोरडी थंडी, रात्री पारा शून्याखाली, माथ्यावर बर्फ. शिवाय वणवे अडवण्यासाठी गवताचे पट्टे मुद्दाम जाळतात, त्यामुळे उतार काळे दिसतात. एप्रिलअखेर ते मे मध्य हा काळ उत्तम: धबधब्यात पाणी असतं, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि आकाश मोकळं. मात्र ईस्टरची आणि शाळांची सुट्टी टाळावी. डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्यापर्यंत तर जागाच मिळत नाही.

थेंडेलेचं आरक्षण एझेम्व्हेलो केझेडएन वाइल्डलाइफ या प्रांतिक संस्थेकडे होतं. घर दुपारी दोनला मिळतं आणि सकाळी दहाला सोडावं लागतं. उपाहारगृह नाही, स्वयंपाक आपला आपण करायचा. हे न कळल्यामुळे संध्याकाळी फाटकाबाहेर जेवण शोधत फिरणारे पाहुणे दर आठवड्याला असतात, असं स्वागतकक्षातल्या ताईंनी सांगितलं.

व्हिसा आधी काढावा लागतो. मुलं बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ असलेला बरा, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र. भारतातून थेट येणाऱ्याला पीतज्वराची लस लागत नाही, पण इथिओपिया किंवा केनियात बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर प्रमाणपत्र मागतात. विमान निवडताना थांब्याचे तास मोजावेत. ड्रॅकेन्सबर्गमध्ये मलेरिया नाही, त्यामुळे फक्त एवढ्यासाठी त्या गोळ्या घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या विजेच्या दुकानातूनच घेऊन जावी. तिथलं सॉकेट म्हणजे आपलं गोल जाड पिनांचं पंधरा अँपिअरचं सॉकेट. पंधराचं पाच करणारा साधा प्लग दोन नेले की सगळे चार्जर चालतात. विमानतळावर मिळणारा 'जागतिक' अडॅप्टर इथे बहुधा बसत नाही. वीज जाण्याची शक्यता धरून डोक्याला लावायची बॅटरीही ठेवावी.

पहिला दिवस: जोहान्सबर्ग ते थेंडेले

अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गाडी चालवायला चार तास. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आणि सुकाणूही उजवीकडे, त्यामुळे सवय करावी लागत नाही. इंग्रजी मजकूर आणि फोटो असलेला आपला परवाना चालतो, तरी आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर असलेला बरा. भाड्याची गाडी घेताना अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात, आणि ते कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. विमान दुपारी उतरत असेल तर त्या दिवशी निघूच नये, विमानतळाजवळ झोपावं. एप्रिलअखेर साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. शेवटच्या पट्ट्यात रस्त्यावर गुरं, शेळ्या, न रंगवलेले गतिरोधक आणि खड्डे आहेत. उद्यानाचं फाटकही थंडीच्या मोसमात संध्याकाळी सहाला बंद होतं.

एन-३ महामार्गावर हॅरिस्मिथ गावापर्यंत दोन टोलनाके, दोन्हीकडे कार्ड चालतं. हॅरिस्मिथला टाकी पूर्ण भरावी. पंपावरचा माणूस तेल भरतो, काच पुसतो, टायरची हवा बघतो. त्याला पाच-दहा रँड देण्याची पद्धत आहे. किराणाही इथेच घ्यावा, कारण पुढे बर्गव्हिलला दुकान आहे पण निवड कमी.

पुढे आर-७४ वर स्टर्कफॉन्टाइन धरणाचं निळंशार पाणी लागतं. हे धरण मुख्यतः उचलून आणलेल्या पाण्याने भरतं. घाटाखालचं तुगेला नदीचं पाणी पंपाने वर चढवून जोहान्सबर्गच्या बाजूला सोडतात, आणि विजेची मागणी वाढली की काही पाणी परत खाली सोडून १,००० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. आपल्याकडे घाटघरला हीच युक्ती २५० मेगावॅटसाठी केली आहे, तीही सह्याद्रीच्या अशाच कडेवर. धरण संपलं की ऑलिव्हियर्सहूक घाट उतरतो आणि हवा एकदम मऊ होते.

फाटकावरचा रक्षक वही घेऊन आला. इकडे झुलू लोकांत आधी 'सानिबोनानी' म्हणून विचारपूस करायची, मग कामाचं बोलायचं. काच खाली करून थेट प्रश्न टाकणं उद्धटपणाचं समजतात. त्याने शांतपणे प्रवास कसा झाला ते विचारलं, गाडीचा नंबर लिहिला आणि वर जाताना बबून माकडांना खायला घालू नका म्हणून बजावलं.

त्या बजावण्याचा अर्थ घरात गेल्यावर कळतो. स्वच्छतेला येणाऱ्या मावशींनी आम्हाला आधी पलंग-चादरी दाखवल्या नाहीत, खिडकीची कडी दाखवली. नुसती ओढून घेतलेली खिडकी बबून बोटं घालून सरकवतो. कडी खालपर्यंत फिरवून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. फळं टेबलावर ठेवायची नाहीत, कारण काचेतून केळी दिसली की टोळी ओट्यावर येते. पाच मिनिटांसाठी बाहेर पडलात तरी दार बंद. आत शिरलेला नर हुसकायला जाऊ नये. त्याची बाहेर पडायची वाट मोकळी ठेवून बाजूला व्हावं आणि स्वागतकक्षात कळवावं.

रात्री तापमान पाच अंशांवर आलं. बाहेर त्रिशंकू हा तारकासमूह अगदी उंचावर होता. महाराष्ट्रातून मे महिन्यात तो दक्षिण क्षितिजाला चिकटलेला दिसतो, इथे मान वर करून बघावा लागतो. शेजारी मित्र आणि मित्रक हे तारेही लखलखीत.

दुसरा दिवस: तुगेलाची घळ

सकाळी साडेसहाच्या सुमारास कड्यावर ऊन येतं. कडा पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे हा अर्धा तास सगळ्यात सुंदर, आणि छायाचित्रांसाठीही हाच. दुपारनंतर सूर्य कड्यामागे जातो, दगड सपाट राखाडी दिसतो आणि घळीत चारच्या आधीच सावली पडून गारवा चढतो. म्हणून चालायला सातला निघावं.

निघण्याआधी नोंदवहीत नावं, वाट, परतायची वेळ आणि फोन नंबर लिहायचे. परत आल्यावर 'आलो' अशी नोंद करायलाही विसरू नये, नाहीतर रात्री शोधपथक निघतं.

तुगेला घळीची वाट वस्तीखालच्या वाहनतळापासून सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर, पाच ते सहा तास. पहिला मोठा टप्पा डोंगराच्या कुशीतून जवळजवळ सपाट जातो. उघड्या उतारावर प्रोटियाची झाडं, ओढ्यांच्या वळचणीला पिवळ्या लाकडाच्या यलोवुडचं गर्द रान. इथे वेग छान मिळतो आणि माणूस फसतो, कारण शेवटचा भाग नदीपात्रातल्या गोट्यांवरून आहे. तिथे एका किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. नदी काही वेळा ओलांडावी लागते. बुटांऐवजी अशा वेळी घट्ट पट्ट्याच्या सँडल बऱ्या पडतात.

टोकाशी नदी एका अरुंद बोगद्यासारख्या फटीतून येते. पाणी घोट्या-गुडघ्याइतकं असेल तर त्यातून चालत जाता येतं, नाहीतर बाजूच्या शिडीने वर चढून पुढे जायचं. इथला नियम पक्का पाळावा: वर माथ्यावर ढग काळे असतील किंवा पाणी गढूळ होऊ लागलं असेल, तर आत पाऊल टाकू नये. घळीत ऊन असलं तरी पाऊस हजार मीटर वर पडत असतो आणि लोंढा मागाहून येतो.

इथून तुगेला धबधबा दिसतो. पाच टप्प्यांत, एकूण ९४८ मीटर. एप्रिलअखेर तो पांढऱ्या बारीक रेघेसारखा होता. भरलेला हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यावं आणि घळीत शिरायची आशा थोडी सोडावी.

माणशी दोन लिटर पाणी पुरलं. गवतातून चालल्यावर संध्याकाळी पायांवर, गुडघ्यामागे, कमरेला गोचीड तपासावी. चावल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी आणि चाव्याच्या जागी काळा खपला आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगावं. भारतात परतल्यावर ताप आला तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. वाटेवर दगडाशेजारी ऊन खात पडलेला पफ ॲडर हा विषारी साप हलत नाही, म्हणून पाय टाकण्याआधी बघायचं.

चुलीपाशी

या मुक्कामाचं अर्धं सुख स्वयंपाकघरात आहे. शेगडी, फ्रिज, भांडी घरात असतात, कुकर नसतो. या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर झाली तरी दाताखाली येते. तीन लिटरचा कुकर बॅगेत न्यावा, शिटी आणि रबर वेगळं बांधून.

भारतातून बंद पाकिटातला गोडा मसाला, हळद, तिखट, मेतकूट न्यावं. तूप, दूध, मध, बिया, कढीपत्ता, ताजी फळं नेऊ नयेत, ती जकातीत काढून घेतात. डाळी, गव्हाचं पीठ, मोहरी जोहान्सबर्गला फोर्ड्सबर्ग भागात सगळं मिळतं.

स्थानिक जिन्नस मात्र आवर्जून घ्यावेत. आमासी म्हणजे घट्ट आंबवलेलं दूध. त्यात पाणी घालून घुसळलं की उत्तम ताक, आणि बेसन लावून कढीही फाटत नाही, फक्त आच मंद ठेवून हलवत राहायचं. पांढऱ्या मक्याचं पीठ घेताना पिशवीवर 'सुपर' लिहिलेलं बारीक पीठ निवडावं. जाड पिठाची भाकरी कडेला चिरते. उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून, मग कोमट असतानाच मळून थापली की नीट उलटते. सॅम्प म्हणजे कांडून साल काढलेल्या मक्याचे जाड तुकडे, तो बीन्ससकट एकाच पिशवीत मिळतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी पाणी बदलून कुकरमध्ये तीस-चाळीस मिनिटं. वर कांदा-टोमॅटो आणि गोडा मसाल्याची फोडणी. दिवसभर चालून आल्यावर यासारखं पोटभरीचं दुसरं काही नाही.

प्रत्येक घराबाहेर निखाऱ्यावर भाजायची सोय आहे. डर्बनची भारतीय वंशाची कुटुंबं सुट्टीत इथे हमखास भेटतात. त्यांच्या जाळीवर बटरनट भोपळा आणि मक्याची कणसं असतात आणि मसाल्याचं बोलणं निघालं की वाटी पुढे येतेच. शाकाहारी आहात हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. भोपळा उभा चिरून, कापलेली बाजू आधी दहा मिनिटं निखाऱ्यावर आणि मग उलटून सालीवर अर्धा तास, हे प्रमाण त्यांच्याकडूनच मिळालं.

तिसरा दिवस: धुकं, चित्रं आणि स्पायनकॉप

सकाळी कडा दिसेनासा झाला. हिंदी महासागरावरून येणारी दमट हवा उतारावर चढली की असं धुकं भरतं, घाटमाथ्यावर जुलैत भरतं तसंच. अशा दिवशी उंच वाटांचा नाद सोडावा. सखल अंगाची कॅस्केड्स या छोट्या धबधब्यांची वाट तासाभराची आणि धुक्यातही सुरक्षित.

सिगुबुडूच्या दरीतल्या वालुकाश्माच्या कपारीत 'सान' या इथल्या आदिवासी लोकांनी काढलेली चित्रं आहेत. तिथे वाटाड्याबरोबरच जायचं. या डोंगररांगेत अशी हजारो चित्रं आहेत आणि उद्यानाला २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो निसर्गाबरोबर त्यांच्यामुळेही. चित्रांत सर्वांत जास्त दिसतो इलंड, आफ्रिकेतलं सर्वांत मोठं हरीण. त्याच्या मानेखालची लोंबती कातडी पांढऱ्या रंगात, अंग तांबूस आणि कडेला एका रंगातून दुसऱ्यात नकळत गेलेली छटा. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पूर्वी पर्यटक रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर पाणी शिंपडत, त्याने क्षार वर आले आणि कित्येक चित्रं कायमची पुसली गेली. आमचा वाटाडा हे सांगताना चित्रापासून हातभर लांब उभा राहिला आणि आम्हालाही तिथेच थांबवलं.

दुपारी धुकं तसंच असेल तर बर्गव्हिलवरून स्पायनकॉपला जावं. जानेवारी १९०० मध्ये इथे बोअर (डच वंशाचे वसाहतवाले) आणि ब्रिटिशांची लढाई झाली. गांधीजींनी उभारलेल्या सुमारे १,१०० जणांच्या भारतीय रुग्णवाहक पथकाने या मोहिमेत जखमींना डोलीवर घालून मैलोन् मैल वाहून नेलं. त्यातले बहुतेक उसाच्या मळ्यांवरचे गिरमिटिये मजूर होते. माथ्यावर ब्रिटिश सैनिक ज्या चरात मेले, त्याच चरात त्यांना पुरलं आहे. पांढऱ्या दगडांनी आखलेली ती लांब रेघ बघितली की खालच्या उतारावरून डोली उतरवणं काय असेल याचा अंदाज येतो. माथ्यावर वाऱ्याला आडोसा नाही, जाकीट लागतंच.

चौथा दिवस: कड्याच्या दुसऱ्या अंगाला

थेंडेलेहून कड्याच्या माथ्यावर जायचं तर रस्त्याने मोठा वळसा पडतो: परत घाट चढून, हॅरिस्मिथच्या बाजूने फुथादिजाबा गावातून विट्सीसहूकला. अडीच तास धरावेत. विट्सीसहूकचं लॉज बाटलोक्वा समाजाच्या मालकीचं आहे आणि २,२०० मीटरच्या वर आहे. इथे जेवण मिळतं, पण शाकाहारीचं आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. भाषाही बदलते: झुलू जाऊन सेसोथो, आणि नमस्काराला 'दुमेला'. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नये. उंचीची थोडी सवय होते आणि वाट उघडी आहे का, वाटाड्या सक्तीचा आहे का, हे लॉजमध्ये विचारून घेता येतं. परिस्थिती बदलत असते, त्यामुळे महिनाभरापूर्वीच्या माहितीवर विसंबू नये.

पाचवा दिवस: साखळीच्या शिड्या

सेंटिनेल शिखराखालच्या वाहनतळापर्यंतचा शेवटचा रस्ता दगडांचा आहे. छोटी भाड्याची गाडी खालून घासते आणि टायर फाटला तर विमा तो बहुधा धरत नाही. लॉजची उंच गाडी घ्यावी. २,५०० मीटरच्या वरून चाल सुरू होते, नागमोडी वाटेने, दोनेक तासांत शिड्यांपाशी.

शिड्यांचे दोन टप्पे, मिळून सुमारे शंभर पायऱ्या. लोखंडी पायऱ्या साखळीला बांधून कड्यावर सोडल्या आहेत, त्यामुळे त्या किंचित हलतात आणि काही ठिकाणी दगडाला इतक्या टेकलेल्या असतात की बुटाचं फक्त टोक मावतं. एका वेळी एका शिडीवर एकच माणूस. काठ्या दुमडून पिशवीत, लोंबणारे पट्टे बांधून, कॅमेरा गळ्यातून काढून. तीन अवयव कायम शिडीवर आणि नजर हातांसमोरच्या पायरीवर. सकाळी लोखंड बर्फासारखं गार असतं, पातळ रबरी तळव्याचे हातमोजे लागतात, लोकरीचे निसटतात. कुणी मध्येच थबकलं तर खालून घाई करू नये. एकेक पायरीचं नाव घेऊन बोलत राहिलं की बहुतेकजण सुटतात. वीज कडाडायची चिन्हं असतील तर शिडीला हातच लावायचा नाही.

वर गेलं की सपाट गवताळ पठार, आणि तुगेला म्हणजे तीन ढांगांत ओलांडता येईल असा झरा. तो दगडांतून वळत येतो आणि कड्यावरून खाली जातो. मागे ३,२८२ मीटरचं मों-ओ-सूर्स शिखर. काठाजवळ शेवटचे दोन मीटर पोटावर सरपटत जावं, वारा कपारीतून वर येतो आणि उभ्या माणसाला ढकलतो. खाली हिरव्या उतारावर थेंडेलेची घरं बारीक ठिपके होऊन दिसतात.

माथ्यावर लेसोथोचे बासूथो गुराखी भेटतात, खांद्यावर घोंगडी, पायात रबरी बूट, बरोबर कुत्री. नमस्कार करावा, फोटो विचारून काढावा. पैशांपेक्षा ब्रेड किंवा फळ दिलेलं त्यांना आवडतं. तंबू टाकून वर राहायचं असेल तर एकट्याने नको, चोऱ्यांच्या घटना होतात.

बारापर्यंत माघारी फिरायचं, म्हणजे शिड्या कोरड्या असताना उतरता येतं. जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर, सहा ते आठ तास. डोकं जड झालं तर पाणी प्यावं, वाढलं तर सरळ उतरावं. प्रवासविम्यात पर्वतीय बचावाचं कलम आहे का ते भारतातच वाचून घ्यावं. मोबाइलवरून मदतीचा क्रमांक ११२, पण घळीत आणि शिड्यांच्या खाली रेंज मिळेलच असं नाही, नकाशे आधी उतरवून ठेवावेत.

परतीला विट्सीसहूकहून विमानतळ चार-साडेचार तास. रात्रीचं विमान असेल तर सकाळी निघून क्लॅरेन्स गावावरून जाता येतं, गोल्डन गेट उद्यानातल्या वालुकाश्माच्या कड्यांमधून. तेवढ्यासाठी दोन तास जास्त धरावेत आणि गाडी परत करायच्या आधी चाकांच्या कमानीतला चिखल धुऊन घ्यावा, स्वच्छतेचे पैसे वेगळे लावतात.